खालच्या टूरचा हिवाळा

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी अवरेकाईच्या राशी पडायला लागतात. वालाच्याच जातीच्या या शेंगा. बेंगळूरचा हिवाळा त्यांच्यावरूनच ओळखायचा. पहाटे गाडीवरून उतरवलेल्या असतात, अंगावरचं दव वाळलेलं नसतं, आणि शेंग मोडली की तिच्यातून एक तेलकट, हिरवा, जरा उग्र वास येतो. कन्नडात त्या वासाला स्वतंत्र शब्द आहे, सोगडु. सोगडु नसलेली अवरेकाई आई घरात येऊ देत नाही. मी इलेक्ट्रॉनिक सिटीची बस गाठायला निघते तेव्हा त्या राशींजवळून जाताना माझी पावलं आपोआप लांब पडतात. हा वास बाकीच्यांना जेवणाची आठवण करून देतो. मला तो एका खांद्याची आठवण करून देतो. माझ्याच उजव्या खांद्याची, ज्याच्यावर त्या हिवाळ्यात माझ्या भावाची बॅग होती.

दिनू माझा धाकटा भाऊ. तो गोल्फ खेळतो. म्हणजे तेच त्याचं काम आहे. हे ऐकलं की लोक आधी जरा दबकतात, आम्ही फार मोठे लोक असल्यासारखं बघतात, आणि मग विचारतात, टीव्हीवर दिसतो का? नाही दिसत. गोल्फवर पोट भरणाऱ्यांची एक मोठी टूर असते. तिथे कॅमेरे असतात, दोरीपलीकडे उभे राहून टाळ्या वाजवणारे लोक असतात. तिच्याखाली आणखी एक टूर असते. अजून वर जायला न जमलेली पोरं आणि वर राहायला न जमलेले पुरुष तिथे एकत्र खेळतात. दसऱ्यानंतर ती सुरू होते आणि संक्रांतीच्या आसपास संपते. प्रत्येक वेळी नवं गाव, चार दिवसांची स्पर्धा. दोन दिवस झाले की गुणांची एक रेघ ओढतात, तिला कट म्हणतात; ती न गाठणाऱ्या निम्म्याहून जास्त जणांना घरी जावं लागतं. मोसमाच्या अखेरीस गुणांच्या यादीतले पहिले पाच जण वरच्या टूरवर जातात. बाकीचे पुढच्या दसऱ्याची वाट बघतात.

टाळ्या वाजवणारे लोक या टूरवर नसतात. असलाच तर एखादा बाप असतो, झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसलेला. सहा फुटांचा अवघड पट, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा फटका, साधला तरी आवाज येतो तो फक्त चेंडू आत पडल्याचा. सुरुवातीला मला ते फार विचित्र वाटायचं. माणूस आयुष्य पणाला लावतोय आणि आजूबाजूला फक्त टिटव्या ओरडताहेत.

आमचे अप्पा शहरातल्या एका जुन्या गोल्फ क्लबात माळी होते. आमचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की ऑफिसातल्या पुण्याच्या मुली मला पुन्हा पुन्हा बोलायला लावतात आणि हसतात. अप्पांना क्लबातले सगळे अण्णा म्हणत. पहाटे साडेपाचला ते ग्रीनवर असत. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची ती गालिच्यासारखी कापलेली हिरवळ. पायातल्या चपला कडेला काढून ठेवायचे आणि अनवाणी एकेक ग्रीन चालून काढायचे. आयुष्यात त्यांनी एकदाही चेंडू मारला नाही. माळ्यानं खेळायची पद्धत नव्हती. पण सोमवारी क्लब बंद असायचा आणि नोकरांच्या मुलांना खेळायची मुभा होती. त्या सोमवारांतून दिनू घडला. कुणा मेंबरानं टाकून दिलेली स्टिक कापून त्याच्या उंचीची केली होती. अप्पा मागे उभे राहायचे आणि एकच सांगायचे, "उतार डोळ्याला फसवतो. पायाला विचार."

मीही त्यांच्याबरोबर जायची. मला खेळायचं नव्हतं, मला ते अनवाणी चालणं आवडायचं. तळव्याखाली जमीन कुठे कलते ते मला दिनूच्याही आधी कळायचं. अप्पा हे कुणाला सांगत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी माझी नोकरी सुटली होती. कंपनीनं आमचा सगळा विभागच बंद केला. दिनू तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. खालच्या टूरवरचं त्याचं सहावं वर्ष. दोनदा तो यादीत सातवा आला होता, एकदा सहावा. प्रत्येक गावी तिथला कुणीतरी कॅडी घ्यायचा, म्हणजे बॅग उचलणारा आणि अंतर सांगणारा, आणि प्रत्येक गावी अनोळखी माणसाबरोबर चार दिवस काढायचा. दसऱ्याला घरी जेवताना तो म्हणाला, "अक्का, या मोसमात तू येशील? मला बॅग उचलणारा मिळतो. माझं डोकं ओळखणारा मिळत नाही."

आई म्हणाली, "मुलगी का ओझं उचलणार?"

अप्पा भात कालवता कालवता थांबले. म्हणाले, "तिला ग्रीन कळतं. जाऊ दे."

एवढंच. पण अप्पांनी माझ्याबद्दल असं तोंडावर म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तो मोसम आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. उत्तरेकडच्या एका छावणीच्या गावात धुकं इतकं दाट होतं की तीन तास खेळच सुरू होईना, आणि वीस-पंचवीस पुरुष एका पत्र्याच्या शेडमध्ये हाताच्या घड्या घालून, एकमेकांशी न बोलता, पांढऱ्या भिंतीकडे बघावं तसं त्या धुक्याकडे बघत उभे होते. कारखान्याच्या एका वसाहतीतल्या मैदानावर चेंडू दुपारपर्यंत राखाडी व्हायचे, आणि मी ओल्या फडक्यानं ते पुसत राहायची. एका गेस्ट हाऊसमध्ये शेजारच्या खोलीत चाळिशीच्या आसपासचा एक खेळाडू होता. रोज संध्याकाळी तो आपले चार शर्ट स्वतः इस्त्री करायचा, चारही दिवसांचे. कट त्याला बहुतेक वेळा गाठता येत नसे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे शर्ट घडी न मोडता बॅगेत परत जात. मी एकदा दिनूला म्हटलं, "दोनच का नाही करत?" दिनू म्हणाला, "असं नको विचारूस."

बाईनं बॅग उचललेली तिथे कुणी फारशी बघितलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात बाकीचे कॅडी माझ्याकडे बघून हसत. दुसऱ्या आठवड्यात माझ्या खांद्याचं कातडं निघालं आणि त्यांच्यातल्याच एकानं पट्ट्याखाली टॉवेल कसा दुमडायचा ते दाखवलं. नंतर कुणी हसलं नाही. मी पावलं मोजून अंतर सांगायची, वाळूत उमटलेले ठसे दाताळ्यानं मिटवायची, झेंडा धरायची, आणि ग्रीनवर गेल्यावर दिनू माझ्याकडे बघायचा. बूट काढायची परवानगी मागण्यासारखी नव्हती, पण पातळ तळाच्या बुटांतूनही मला कळायचं. "डावीकडे जातंय," मी म्हणायची. तो मान हलवायचा. त्या हिवाळ्यात तो चांगला खेळला. फार चांगला नाही, पण न घसरता. नाताळपर्यंत तो यादीत सातवा होता. पुन्हा सातवा.

बहीण-भाऊ मोठे झाले की एकमेकांना सणांपुरते भेटतात. आम्हाला ते तीन महिने मिळाले. त्याच्या मानेमागची शीर दबावाखाली कशी ताठते, चिडला की तो हातमोजा कसा एकेक बोट सुटं करून काढतो, हे सगळं मला त्या हिवाळ्यात कळलं. मला वाटायचं, त्याच्या मनातलं मला सगळं कळतं.

शेवटची स्पर्धा आमच्याच शहरात होती. येलहंकाच्याही पुढे, विमानतळाच्या वाटेवर एक नवं मैदान झालं होतं, तिथे. नीलगिरीची झाडं, त्यांच्यामधून आखलेल्या वाटा, आणि डोक्यावरून हवाई दलाच्या तळावरची विमानं. एखादं विमान गेलं की खेळाडू मारायचा थांबायचा, आवाज विरेपर्यंत मान खाली घालून उभा राहायचा. तीन दिवस दिनू घरी राहूनच खेळला. पहाटे आई डबा द्यायची. अप्पांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, छातीचं दुखणं अधूनमधून उठायचं. शेवटच्या दिवशी त्यांना यायचं होतं. कपडे करून बसले होते. आई म्हणाली, उन्हात चार तास चालायचं नाही. ते वाद घालत बसले नाहीत. दिनू बूट घालत होता तिथे आले, खाली वाकून त्याच्या बुटाच्या तळातली वाळलेली माती बोटानं काढली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. जा."

पहिल्या तिघांत आला तर तो यादीत पाचवा होणार होता. हे मला आदल्या दिवशी कॅडींच्या शेडमध्ये कळलं होतं. मी दिनूला सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. पण त्यालाही माहीत असणार. ज्याच्या आयुष्याचं गणित आहे त्याला ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

खेळ अठरा होलांचा, म्हणजे अठरा भोकांचा; बाराव्या होलपर्यंत तो दुसरा होता. तेराव्याच्या सुरुवातीला पुढचे तिघं अडकले होते म्हणून आम्हाला थांबावं लागलं. दिनू बॅगेला टेकून बसला. मी बॅगेच्या खिशातून केळं काढायला गेले आणि फोनवर हात पडला. आईचे सहा फोन येऊन गेले होते. आई एकदा फोन लागला नाही तर नाद सोडणारी बाई.

मी नीलगिरीच्या झाडांमागे गेले आणि फोन लावला.

आई म्हणाली, "अप्पांना इस्पितळात आणलंय. अंघोळीला गेले आणि पडले. डॉक्टर म्हणतात, मुलांना बोलावून घ्या."

"शुद्धीवर आहेत?"

"मधेच डोळे उघडतात." मग तिनं विचारलं, "दिनूचं कसं चाललंय?"

तिनं हे का विचारलं ते मला कधीच कळलं नाही. कदाचित सवयीनं. तीन महिने रोज फोनवर ती पहिल्यांदा हेच विचारायची.

"चांगलं चाललंय," मी म्हटलं. "दुसरा आहे."

तिच्यामागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग तूच बघ, कसं करायचं ते."

मी झाडांमागून बाहेर आले. इस्पितळ इंदिरानगरच्या बाजूला होतं. त्याच मिनिटाला निघालो असतो तर तास-सव्वा तासात पोहोचलो असतो. मैदान मध्येच सोडलं की मात्र तो दिवस गेला, स्पर्धा गेली, मोसम गेला. सहा होल राहिले होते. फार तर दीड तास. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात, अगदी स्वच्छ मांडलं गेलं. मला रडू आलं नाही. पुढच्या तिघांनी वाट मोकळी केली, दिनू उठला, हात पुढे केला, आणि मी त्याच्या हातात मोठी स्टिक दिली.

मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. मी स्टिक दिली, एवढंच झालं. पण त्यानंतर प्रत्येक पावलाला न सांगणं हे मी करत होते. चालताना, ठसे मिटवताना, झेंडा धरताना. पंधरावा होल पाण्यावरून मारायचा होता. दिनूनं विचारलं, "किती?"

"एकशे बासष्ट यार्ड. वारा तोंडावर."

"सात नंबरची स्टिक?"

"सात. पूर्ण मार."

माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला. त्याचं मला आजही नवल वाटतं. चेंडू पाण्यावरून गेला आणि भोकापासून चार पावलांवर थांबला. एक विमान आलं, आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. मला वाटलं, हा आवाज संपला की सांगावं. आवाज संपला. मी बॅग उचलली.

सतराव्यावर त्याचा तीन फुटांचा पट हुकला. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला दिनूचा इतका राग आला की हातातला झेंडा मी जमिनीत रोवल्यासारखा घट्ट धरला. एवढ्यासाठी? मी एवढं करते आहे आणि तुला तीन फूट जमत नाहीत? तिकडे माझा बाप मरणाच्या दारात होता आणि मी माझ्या भावाला मनातल्या मनात शिव्या देत होते, तो हरतोय म्हणून. माणसाच्या आत काय काय असतं ते मला त्या दिवशी त्या कापलेल्या गवतावर कळलं.

अठराव्यावर त्याला पाच फुटांचा पट उरला. तो गेला तर तिसरा, नाही तर चौथा. तो चेंडूमागे बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, "अक्का, अप्पा इथे असते तर काय म्हणाले असते?"

"पायाला विचार म्हणाले असते," मी म्हटलं. मी भोकाच्या बाजूनं चालून गेले. "उजवीकडे कलतंय. अगदी स्वल्प."

तो चेंडू आत पडला. टाळ्या दोन-तीन माणसांनी वाजवल्या. बाकीच्या खेळाडूंनी टोप्या काढून हात मिळवले. दिनू माझ्याकडे आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर, पट्ट्यानं सोललेल्या त्याच खांद्यावर, कपाळ टेकलं. मी तरीही सांगितलं नाही. कारण खेळाडूनं आपलं फटके नोंदवलेलं कार्ड तपासून सही केल्याशिवाय त्याचा खेळ धरत नाहीत. तो सही करायच्या तंबूत गेला. मी बाहेर उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "दिनू, अप्पांना इस्पितळात नेलंय. निघूया."

"कधी?"

"आत्ताच फोन आला."

हे तीन शब्द बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. दिनूच्या पायात मैदानावरचेच बूट होते. इस्पितळाच्या फरशीवर त्या बुटांचा बारीक टकटक आवाज येत होता आणि लोक वळून बघत होते. वरच्या मजल्यावर आई बाकावर बसलेली दिसली. तिच्या मांडीवर अप्पांच्या चपला होत्या, कागदात गुंडाळलेल्या. तिच्याकडे बघूनच कळलं. अर्धा तास झाला होता.

दिनू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "झालं का रे?" त्यानं मान हलवली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. त्याच्या डोक्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी किती वाजता फोन केला होता ते तिला माहीत होतं. तिनं ते तेव्हा विचारलं नाही, तेराव्या दिवशी नाही, वर्षश्राद्धाला नाही. सात वर्षांत एकदाही नाही.

घरी आलेल्यांनी सांगितलं की पोराचं भलं झालेलं कळूनच अण्णा गेले. क्लबातल्या म्हाताऱ्या माळ्यांनी सांगितलं की असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी चहा देत होते.

दिनू वरच्या टूरवर गेला. दोन वर्षं तिथे खेळला. टीव्हीवर एकदा दिसलासुद्धा, दुसऱ्याच कुणाचा तरी चेंडू दाखवताना मागे उभा असलेला. आईनं शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. त्यानं मला पुन्हा बॅग उचलायला बोलावलं नाही. मला नवी नोकरी लागली होती, तेच कारण दोघांनाही पुरलं. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा खालच्या टूरवर आला. त्यानंतर दर हिवाळ्यात तो तिथेच आहे. येलहंकात एक खोली घेऊन राहतो, सरावाच्या मैदानावर अपार्टमेंटमधल्या मुलांना शिकवतो, आणि दसरा झाला की बॅग भरतो. टूरवरची एकोणीस-वीस वर्षांची पोरं त्याला अण्णा म्हणतात. अप्पांना म्हणत तसंच. त्याला ते आवडत नाही, पण तो तसं बोलून दाखवत नाही.

या काळात मी त्याला सांगायचं किती वेळा ठरवलं. दर वर्षी अवरेकाई आली की ठरवायची आणि मोसम संपला की विसरल्यासारखं करायची. कधी वाटायचं, सांगून त्याच्याकडून मी काय मागणार आहे? माफी? ती त्यानं का द्यावी? मला तर हेही माहीत नव्हतं की आम्ही लगेच निघालो असतो तर अप्पांनी त्याला ओळखलं असतं की नाही. मधेच डोळे उघडतात, असं आई म्हणाली होती. त्या उघडलेल्या डोळ्यांना समोर कोण दिसलं असेल, याचा विचार मी बसमध्ये, वरच्या रस्त्यावरून दोन्हीकडची शहराची छपरं मागे पडत असताना, करत आलेली आहे. दिनूला तो विचार करावा लागत नाही, त्याच्या लेखी तेव्हा फोनच आला नव्हता, एवढं एक समाधान मी स्वतःला देत असे.

गेल्या शुक्रवारी या मोसमाची शेवटची स्पर्धा तिथेच होती, येलहंकाच्या पुढे. मी सुट्टी घेतली होती. आईनं सांगितलं होतं, त्याला जेवायला घेऊन ये. मी पोहोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाचा खेळ संपत आला होता. दिनूचा कट तीन फटक्यांनी हुकला होता. पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीच्या मागच्या उघड्या दारात बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. पस्तिशी आली, कानाजवळ केस पांढरे झाले आहेत. नीलगिरीची झाडं मात्र खूप उंच झाली आहेत.

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"बघू."

मग मी सांगितलं. कसलीही सुरुवात न करता सांगितलं. "दिनू, त्या दिवशी आईचा फोन शेवटी नव्हता आला. तेराव्या होलला आला होता. मी तुला सांगितलं नाही."

त्यानं एक बूट काढून बाजूला ठेवला. दुसऱ्याची नाडी सोडत राहिला. मला वाटलं, ऐकलं नाही की काय.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"आईनं सांगितलं?"

"नाही. मी तिथेच होतो ना." त्याचा आवाज थकलेला होता, पण दुसरं काही त्यात नव्हतं. "तू झाडांमागे गेलीस ते मी पाहिलं. परत आलीस आणि त्यानंतर तू पाणी प्यायली नाहीस. आधी प्रत्येक होलला मला बाटली द्यायचीस, मग स्वतः प्यायचीस. नंतरचे सहा होल तू बाटली नुसती माझ्या हातात देत होतीस. मला कळलं, घरी काहीतरी झालंय. अप्पांचंच असणार हेही कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

त्यानं बुटात हात घालून आतली माती झटकली. "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून नाही विचारलं."

पार्किंगमधून एक गाडी बाहेर पडली, आतल्या पोरानं काच खाली करून अण्णा म्हणून हात केला. दिनूनंही हात केला.

"तू नंतर 'आत्ताच' म्हणालीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं आहे हे कळत होतं. तरी वाटलं." मग दोन्ही बूट उचलत म्हणाला, "आईला नको सांगू. तिला वाटतं मला काहीच माहीत नव्हतं. ते तसंच राहू दे."

मी हो म्हटलं. तो पुढच्या सीटवर येऊन बसला. बूट त्यानं पायाशी ठेवले आणि पट्टा लावला.

इतकी वर्षं मी हे सांगायच्या दिवसाला भीत होते. पण सांगून झालं की मोकळं वाटेल याची खात्रीही होती. तसं काही वाटलं नाही. त्या हिवाळ्यातून मी एकच गोष्ट धड वाचवून आणली होती. काही ठाऊक नसलेला, अप्पांनी पायाखालची माती काढून दिलेला, त्या दुपारी फक्त खेळत असलेला एक दिनू. त्याच्यासाठी मी खोटं बोलले, त्याच्यासाठी गप्प राहिले. असा कुणी त्या मैदानावर नव्हताच. शेजारच्या सीटवर जो बसला होता तो माझ्यासारखाच एक माणूस होता, आणि तो समोरच्या काचेतून बघत मी गाडी सुरू करण्याची वाट बघत होता.